घरी परतलो, पण नोंद कुठे?

२०२०च्या टाळेबंदीत मी पुण्याची भाड्याची खोली सोडून धुळ्याला घरी आलो. पगार रोख मिळायचा, त्यामुळे हातात एकही कागद नव्हता. मालक फोनवर एवढंच म्हणायचे, "कळवतो." इथे यंत्रमागही बंद होते. अब्बांना काय सांगावं, हा रोजचा घोर.

तरी मी घरी पोहोचलो होतो. जालन्यातले काही मजूर मध्य प्रदेशात जायला गाडी मिळेल म्हणून आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळकडे चालत निघाले. थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यातले १६ जण गेले.

दोस्तांनो, घरी परतण्यात लाज कसली? लाज वाटायला हवी ती कामगाराची नोंद न ठेवणाऱ्या व्यवस्थेला. १९७९च्या स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्ता होता, पण तो कंत्राटदाराने परराज्यात नेलेल्यांपुरता. धुळ्याहून पुण्याला गेलेला त्यात बसतच नव्हता. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तीही ऑगस्ट २०२१मध्ये.

म्हणून नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या. आणि मोबाइल हाताळता येतोच, तर मोहल्ल्यातल्या मजुरांची ई-श्रम नोंदणी करून द्या. सब्र हवाच, पण मालकाने "कळवतो" म्हटल्यावर हातात पुरावाही हवा.