विश्लेषण : जुनी आलिशान डिझेल मोटार स्वस्त की महाग?

नव्या हॅचबॅकच्या किमतीत आठ-दहा वर्षे वापरलेली आलिशान डिझेल सेदान मिळत असेल, तर मोह होणारच. मात्र शीळफाट्याच्या कोंडीतून रोज डोंबिवली ते नवी मुंबई प्रवास करणाऱ्यांनी आधी पूर्ण हिशेब मांडायला हवा.

कोंडी इंजिनाला का बाधते?

कल्याण-शीळ रस्ता, मुंब्रा बायपास, महापे आणि पनवेलकडील वाहतूक शीळफाट्यावर एकत्र येते. डिझेल इंजिनाला मात्र सलग धाव मानवते. रखडत चालल्याने ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते. गाडीला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असेल, तर साचलेली काजळी जाळण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. कोंडीत ते गाठणे अवघड. मग गाळणी तुंबते आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते.

टिकाऊपणा कसा ओळखावा?

मीटरवरील आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी महत्त्वाच्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक आलिशान मोटारींचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलण्याचा सल्ला देते. रबरी पाइप, बुश, एअर सस्पेन्शन हे भाग गाडी उभी असली तरी वयाने झिजतात.

विमा किती आधार देतो?

झीरो डेप्रिसिएशन कवच जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. साध्या सर्वंकष पॉलिसीत रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. गाडी १० वर्षांहून जुनी असेल, तर धातूच्या भागांवरही तेवढाच. पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठी वेगळे कवच लागते.

नियम काय सांगतात?

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. दिल्ली परिसरातील १० वर्षांवरील डिझेल वाहनांच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले होते. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही, म्हणून तिकडच्या गाड्या इथे स्वस्तात येतात. पण ना-हरकत प्रमाणपत्र, फेरनोंदणी आणि इथला रस्ता कर धरला की ती स्वस्ताई आटते.

मग घ्यावी की नाही?

महिन्यातून अनेकदा महामार्गावर लांबचा प्रवास, हाताशी जाणकार मेकॅनिक आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, या तिन्ही गोष्टी असतील तर अशी गाडी अनेक वर्षे साथ देते. केवळ रोजच्या कोंडीसाठी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी बरी. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. हप्ता परवडतो म्हणून गाडी परवडेलच असे नाही.