खिडकीजवळची जागा कोणाची?

घरात ‘स्वतःसाठी एक कोपरा’ सजवण्याचे सल्ले हल्ली उदंड झाले आहेत. सुगंधी मेणबत्त्या, मंद दिवे, बुद्धाची मूर्ती, जमल्यास आरामखुर्ची. यात वाईट काहीच नाही. पण घरात माणसाला बरं वाटणं हे सजावटीपेक्षा उजेड, वारा आणि निवांतपणा कोणाच्या वाट्याला किती येतो यावर अवलंबून असतं, आणि ही वाटणी आपल्याकडे सरळसरळ विषम आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसतात, पुरुष ८८. त्यातला बराच वेळ ओट्यापाशी जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हा ओटा बहुधा मागच्या अंगाला, डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीखाली असतो. ज्योत फडफडते म्हणून पंखाही लावता येत नाही. वाऱ्याची बाजू हॉलला, म्हणजे टीव्हीला आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या पाहुण्यांना.

खिडकी ही चैन नव्हे, याला पुरावा आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण थोडे होते, हे खरं. पण मुंबईतला दाखला याहून कठोर आहे. गोवंडी-मानखुर्दच्या दाटीने उभ्या केलेल्या पुनर्वसन इमारतींच्या २०१८ च्या अभ्यासाने क्षयरोगाचा संबंध घरात न पोचणाऱ्या उजेडाशी आणि हवेशी जोडला. तिथे कोपरा कितीही सजवला तरी काय उपयोग?

तीनशे चौरस फुटांच्या पुनर्वसनाच्या घरात वेगळी जागा आणायची कुठून, हा आक्षेप रास्त आहे. पण जागा नसेल तिथे वेळ वाटता येतो: रोज तासभर टीव्ही बंद, खिडकीजवळची खुर्ची ज्याची त्याची, त्या वेळात हाका नाहीत. दुसरा आक्षेप संस्कृतीचा: आपण माणसांत राहणारे लोक, एकांत हे परदेशी खूळ. मग देवघराचं काय? एका खोलीच्या बिऱ्हाडातही देवाचा कोनाडा निघतोच; म्हणजे महत्त्वाची वाटली की जागा सापडते. जुन्या वाड्यांचे गोडवे गातानाही एवढं आठवावं की, ओसरीवरचा वारा पुरुषांच्या वाट्याला होता आणि माजघरातला अंधार बायकांच्या. नव्या फ्लॅटांनी ही जुनी वाटणीच जपली आहे, फक्त टाइल्स बदलल्या.

त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात नकाशापासून हवी. बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवण्याआधी, त्या उजेडात भाजी निवडायची जागा, आजोबांची खुर्ची किंवा अभ्यासाचं टेबल बसेल का, हे पाहावं. पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर तासन्‌तास वाद होतात. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडणार, हे विचारणारं तिथे क्वचितच कोणी असतं. ज्या विचारतील, त्या बऱ्याचदा बैठकीला नसतात, कारण बैठक रात्री आठची आणि तेव्हा गॅसवर कुकर चढलेला असतो.