शुक्रवारी अपडेट? नको रे बाबा!

काय मंडळी, वीकएण्डचा प्लॅन ठरला? आमचा गेल्या शुक्रवारी ठरला होता. साडेनऊचा शो, तिकिटं खिशात. सव्वासातला रूममेटचा फोन, ‘‘तू हो पुढे. साइट पडलीय.’’

पडली कसली, हिनेच पाडली होती! बाईसाहेब पीएचपी डेव्हलपर. लाइव्ह सर्व्हरवर ‘कंपोझर इन्स्टॉल’ द्यायचं, तर घाईघाईत दिलं ‘कंपोझर अपडेट’. एण्टर मारला आणि क्लायंटची साइट पांढरीफटक.

रात्री बारा वाजता मॅगी खाता खाता तिने माझी शिकवणी घेतली. कंपोझर म्हणजे पीएचपीवाल्यांचा किराणा आणून देणारा भिडू. २०१२ पासून सेवेत. त्याच्याकडे दोन कागद. कंपोझर डॉट जेसन ही आपली यादी. त्यात वरती टोपी घालून २.३ लिहिलं, की २.३ किंवा त्यापुढचं काहीही चालेल, पण ३.० नको. कंपोझर डॉट लॉक म्हणजे दुकानदाराचं बिल. नेमकं कुठलं व्हर्जन घरात आलं, ते त्यावर. इन्स्टॉल बिल बघून तोच माल आणतं. अपडेट मात्र यादी घेऊन पुन्हा बाजारात जातं आणि नवं बिल फाडतं. छोट्या अपडेटने काही मोडणार नाही, असा पॅकेजवाल्यांचा शब्द असतो. पण शेवटी तीही माणसंच ना!

आणखी एक गंमत. टेस्टिंगची पॅकेजेस ‘रिक्वायर-डेव्ह’मध्ये वेगळी लिहायची. ती म्हणजे बांधकामाची परांची. बिल्डिंग उभी राहिली, की उतरवायची. म्हणून लाइव्हवर इन्स्टॉलला ‘नो-डेव्ह’ जोडायचं. नाही उतरवली तर? चोर त्यावरूनच चढतो! २०१७ साली पीएचपीयुनिट या टेस्टिंगच्या पॅकेजमधलं एक भगदाड उघड झालं. त्यातली एक फाइल सर्व्हरवर बाहेरून उघडता आली, की कुणीही परका तिथे आपला कोड चालवू शकत होता. बोला आता!

हिचं नशीब, लॉक फाइल गिटमध्ये जपलेली होती. जुनी परत आणली, नो-डेव्हसकट इन्स्टॉल मारलं, साइट उभी. सिनेमा मात्र गेला.

तेव्हा दोस्तहो, बिल जपून ठेवा. अपडेट आपल्या मशीनवर करा, टेस्ट करा, मगच लाइव्हला हात लावा. आणि तोही सोमवारी. शुक्रवार संध्याकाळ आपली!