सहावीला सरकारी शाळा निवडताना नेमकं काय पाहायचं?

पाचवीची परीक्षा संपली की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. आता पुढे कुठे? गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं, तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलमध्ये घालायचं, की ओढाताण करून खासगी इंग्रजी माध्यमाची फी भरायची? शहरात हाच प्रश्न महापालिकेच्या शाळेबद्दल पडतो.

सरकारी शाळांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एकीकडे 'तिथे काही शिकवत नाहीत' हे सरसकट वाक्य असतं. दुसरीकडे कौतुकाचे व्हिडिओ असतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांमधला कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला, तेव्हा तिची चर्चा राज्यभर झाली. पण घराजवळची शाळा कशी आहे, हे यातल्या कशावरूनच कळत नाही. त्यासाठी तिथे जाऊन काही ठरावीक गोष्टी पाहाव्या लागतात.

शाळा कितवीपर्यंत आहे?

हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात पूर्वी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवीपासून हायस्कूल अशी रचना होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी नवी विभागणी आली. प्रत्यक्षात अनेक शाळा अजून जुन्याच रचनेत अडकल्या आहेत. शाळा सातवीपर्यंतच असेल, तर दोन वर्षांत पुन्हा दाखला, पुन्हा नवी शाळा आणि कदाचित लांबचा प्रवास करावा लागतो. मुलींच्या बाबतीत हा टप्पा जास्त नाजूक असतो. शाळा लांब गेली आणि एसटीची वेळ जुळली नाही, की शिक्षण थांबण्याचा धोका वाढतो.

खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचा विचार अनेक पालक करतात. पण ते प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गासाठी असतात. सहावीत तो मार्ग उपलब्ध नसतो.

शिक्षक किती, त्याहीपेक्षा कोणत्या विषयाचे?

पहिली-दुसरीत एक चांगला शिक्षक सगळे विषय शिकवू शकतो. सहावीपासून बीजगणित, विज्ञानाचे प्रयोग, इंग्रजीचं व्याकरण सुरू होतं आणि एकट्या शिक्षकाची दमछाक होते. म्हणूनच कायद्याने सहावी ते आठवीसाठी वेगळी अट घातली आहे. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही ठरलेलं आहे.

इथे आकडे फसवू शकतात. सहावी ते आठवीत मिळून ३० मुलं आणि एक शिक्षक असेल, तर प्रमाण कागदावर उत्तम दिसतं. पण तोच शिक्षक तिन्ही वर्गांना सगळे विषय शिकवत असतो आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदीही ठेवत असतो. त्यामुळे मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न असा: 'पदवीधर शिक्षक किती आहेत आणि गणित-विज्ञान कोण शिकवतं?' ते पद रिक्त असेल, तर किती महिन्यांपासून आणि तोवर तास कोण घेतं, हेही विचारावं.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाच्या कामासाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा कायद्यातच आहे. ती टाळता येत नाही. पण त्या दिवसांत वर्ग कोण सांभाळतं, याचं उत्तर चांगल्या शाळेकडे तयार असतं.

मुलांना खरंच काय येतं?

ग्रामीण भागातल्या मुलांची चाचणी घेणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातल्या ग्रामीण भागात आठवीच्या फक्त ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. यात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही शाळांमधली मुलं आहेत. म्हणजे नुसती फी भरल्याने हा प्रश्न सुटतो असं नाही.

यातूनच पालकांना एक सोपी कसोटी मिळते. त्या शाळेतल्या सातवीच्या दोन-तीन वह्या पाहाव्यात. शक्य झालं तर ओळखीच्या एखाद्या मुलाला ९५६ भागिले ७ हे गणित सोडवायला द्यावं आणि मराठीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून त्यात काय सांगितलंय ते विचारावं. वहीत नुसती फळ्यावरून उतरवलेली उत्तरं आहेत, की मुलाच्या चुका आणि त्यावर शिक्षकांनी केलेली दुरुस्तीही आहे? वह्या चाळल्या की शिकवण्याचा बराच अंदाज येतो.

याचं महत्त्व आता वाढलंय. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आणली. त्यात आणि पुरवणी परीक्षेतही मूल नापास झालं, तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणून गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा काय करते, हे सहावीतच विचारलेलं बरं.

मोबाइलवर काय सापडतं?

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. सरकारच्या 'नो युवर स्कूल' पानावर शाळेचा पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहांची माहिती मिळते. मात्र ही माहिती शाळेनेच भरलेली असते. मुलींसाठी स्वच्छतागृह 'आहे' असं तिथे दिसतं, पण त्याला पाणी आहे का आणि दाराला कडी आहे का, हे जाऊनच पाहावं लागतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीसाठी ही किरकोळ बाब नाही. तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतं आणि सखी सावित्री समितीत कोण आहे, हेही विचारता येतं.

भेट द्यायची तर शाळा सुरू असताना, आगाऊ कळवून, जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास जावं. वर्ग, आहार, पाणी आणि मैदान एकाच फेरीत दिसतं. स्मार्ट टीव्हीवर धूळ असेल आणि वाचनपेटीतली पुस्तकं हाताळलेली असतील, तर काळजीचं कारण नाही. उलट चित्र असेल, तर थोडा विचार करावा.

पट घटला तर काय होतं?

या निवडीला आणखी एक बाजू आहे. शिक्षकांची पदं संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप असा, की सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर तिथली शिक्षकांची पदंच जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यभर निघालेल्या शिक्षकांच्या मोर्च्यांत हा मुद्दा होता.

म्हणजे शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात आणि मुलं गेली म्हणून शिक्षकही जातो. मागे राहतात ती ज्यांच्या घरी दुसरा पर्याय नाही अशी मुलं. पण शाळा वाचवण्यासाठी कुणा एका पालकाने आपल्या मुलाचं नुकसान करून घ्यावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे पाच-सहा घरांनी मिळून शाळेत जाणं आणि निर्णयही मिळून घेणं जास्त उपयोगी ठरतं. वीसच्या आसपास पट असलेल्या शाळेत तेवढ्या मुलांनीही फरक पडतो.

प्रवेशानंतर पालकांच्या हातात काय असतं?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. शाळा विकास आराखडा ही समिती करते. विनाअनुदानित खासगी शाळांना या समितीची सक्ती नाही. त्यामुळे सरकारी शाळेतल्या पालकाच्या हाती जे अधिकार असतात, ते फी भरणाऱ्या पालकाला कायद्याने मिळतीलच असं नाही. भेटीच्या वेळी समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवायला सांगावं. त्यात रिक्त पदाचा विषय आहे का आणि केंद्रप्रमुखांकडे किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याचा पाठपुरावा झालाय का, ते पाहावं.

शिक्षकाचं एखादं पद रिक्त आहे, पण मुख्याध्यापक ते लपवत नाहीत आणि समिती त्यासाठी कागद घेऊन फिरते आहे, अशी शाळा विचार करण्याजोगी असते. गणित कोण शिकवतं याचं सरळ उत्तर जिथे मिळत नाही, तिथे मात्र प्रवेशाची घाई करू नये.