भाऊ तुरुंगात, जमिनीचे काय?

वाटणीच्या दाव्यात मनाई हुकूम मिळाला की बहीण सुटकेचा निःश्वास टाकते. आता जमीन कोठे जात नाही, असे तिला वाटते. पुढे काही महिन्यांनी सातबाऱ्याचा उतारा काढावा, तर त्यावर तिसऱ्याच कोणाचे नाव! भावाने हुकूम खिशात घालून खरेदीखत उरकलेले असते.

अशा भावाला शासन करण्याची सोय कायद्यात नाही, असे मुळीच नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९, नियम २-अ हा १९७६ च्या दुरुस्तीने आला तो याचसाठी. मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते, त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवता येते. जप्तीवाचूनही कारावास देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याखाली तर ही मुदत सहा महिन्यांपर्यंत जाते.

यावर ‘सख्ख्या भावाला तुरुंगात धाडणार काय?’ असा प्रश्न हमखास येतो. घरचे भांडण घरातच मिटावे, हा उपदेश वाईट नाही. पण तो बहुधा जमिनीचा ताबा असणाराच करतो, हे विसरून कसे चालेल? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतकाच हक्क दिला. तो जन्मसिद्ध आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या भगिनी गावोगाव आहेत. जी सही करीत नाही, तिच्यापाशी न्यायालयाच्या हुकुमाखेरीज दुसरे बळ कोणते? तो हुकूमच कागदाचा कपटा ठरणार असेल, तर कायद्याने दिलेल्या हक्काला अर्थ काय उरला? तुरुंगाचा धाक म्हणूनच हवा.

परंतु धाक म्हणजे भरपाई नव्हे. भाऊ तीन महिने आत बसून आला, तरी जमीन खरेदीदाराकडेच. (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अटक करावयाची, तर कैद्याच्या जेवणखाणाची रक्कम अर्जदारानेच आधी भरावी, असा जुना नियम आहे. म्हणजे हिस्सा गमावलेल्या बहिणीनेच भावाच्या ताटाचे पैसे मोजायचे!) मनाई धुडकावून केलेल्या हस्तांतराला मान्यता देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एका कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यातच सांगितले आहे. बहिणीच्या अर्जात पहिली मागणी हीच असावयास हवी: स्थिती पूर्ववत करा. शिक्षेची मागणी त्यानंतर.

महाराष्ट्रात आणखी एक खाच आहे. दावा चालू असता झालेली विक्री निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ सांगते. मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदविली नसेल, तर खरेदीदार या कलमाच्या कचाट्यातून निसटतो. मनाईचा अर्ज तत्परतेने करणारे कित्येक वकील ही साधी नोंद मात्र विसरतात, याला काय म्हणावे?

आणि वेळेचे काय? अवमानाची कारवाई घटनेपासून एका वर्षाच्या आत सुरू व्हावी, अशी १९७१ च्या कायद्याच्या कलम २० ची अट आहे. बहिणीचे ते वर्ष बहुधा भावाची समजूत घालण्यातच सरून जाते.