फाईल नको, वर्ग पाहा!

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,


३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून नाव पुकारले गेले आणि माढा तालुक्यातली परितेवाडी जगाच्या बातम्यांत आली. जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. ते २००९ मध्ये रुजू झाले तेव्हा मोडकळीस आलेल्या शाळेच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता, दुसऱ्या अंगाला कोठार. गुरुजींनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. हा मनाचा मोठेपणा कुठल्या निकषात बसवायचा?

त्या स्पर्धेत शिक्षकाचे नाव दुसराही कोणी सुचवू शकतो. आपल्याकडे मात्र टिमकी ज्याची त्यानेच वाजवायची. १९५८ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज भरतात. खालच्या पातळीवर प्रस्ताव मागवले, की प्लास्टिकच्या पाकिटांत कात्रणे, वृक्षारोपणाचे फोटो, सरपंचांचे शिफारसपत्र. जाडी वाढते ती फाईलची.

दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले, की बाई एकट्याच पहिली ते चौथी सांभाळतात. पहिलीपुढे मोजायला चिंचोके मांडायचे, तेवढ्यात चौथीचा भागाकार तपासायचा, मधेच पोषण आहाराची नोंद. याचा फोटो काढायला तिसरे माणूस असते कुठे?

अशा बाईंचे नाव राज्य शिक्षक पुरस्कारासाठी सुचवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. पोर घरी येऊन काय वाचते, हे त्यांना दिसते. गटातटाचे राजकारण तिथेही शिरेल, हे खरे. म्हणून निवड समितीने आगाऊ न कळवता वर्गात जावे, मागच्या बाकावरच्या मुलांच्या जुलैच्या आणि फेब्रुवारीच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. सूत्रसंचालन, रांगोळी आणि स्वागतगीत यांना गुण नकोत.

२०१५ मध्ये याच जागतिक पुरस्काराच्या पहिल्या मानकरी, अमेरिकेच्या नॅन्सी ॲटवेल यांनी सगळे दहा लाख डॉलर आपल्या शाळेला दिले. आपल्या पुरस्कारातही शाळेसाठी वेगळा निधी असावा.

आणि ५ सप्टेंबरला बाई सत्काराला येतील, त्या दिवशी त्यांच्या वर्गांवर कोणाला पाठवणार, तेही पुरस्काराच्या शासन निर्णयात लिहावे.

कळावे,
एक पालक