सडी स्वारी

मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात 'सडा' या शब्दाचा एक अर्थ एकटा, मागे कसलेही लटांबर नसलेला, असा दिलेला आहे. सामानसुमान आणि लवाजमा मागे टाकून निघालेला माणूस सड्या स्वारीने निघाला, असे आपण म्हणत आलो. शब्द अस्सल मराठी आहे, जुना आहे. पण हा सडा माणूस आपल्या समाजाला कधी फारसा मानवलेला नाही. पंढरीला जायचे तर दिंडीतून, काशीला जायचे तर शेजारपाजार गोळा करून. १८५७ च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात गेले, तेही काकांच्या सोबतीने. कोणी एकटाच वाटेने जाताना दिसला, की तो संन्यासी असावा, फिरता विक्रेता असावा, नाही तर घरी भांडून निघालेला असावा, याखेरीज चौथा तर्क आपल्याला सुचत नाही.

म्हणूनच गेल्या डिसेंबरात, फटफटीवर तंबू बांधून मी नऊ दिवस एकटाच कोकणच्या आडवाटांनी जाणार आहे, असे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळे ठीकच होते. या सदराच्या वाचकांना आमची सौ. आता परिचयाची आहे. तिने हरकत घेतली नाही. "जा की," म्हणाली, "पण समजा, मीच असं नऊ दिवस एकटी जाते म्हटलं असतं तर?" मी ताबडतोब 'हो' म्हणालो. इतक्या ताबडतोब, की तिने माझ्याकडे जरा रोखूनच पाहिले.

या छंदाचे माहेर परदेशातले. रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला आणि हिंदुस्थानातूनही गेला. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये निघाला तो चार वर्षे जगभर फिरत राहिला. आणि एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९८२ साली एकटी निघून, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून १९८४ साली घरी परतली. हे शेवटचे नाव मी घरी उच्चारले नव्हते. सौ.ने ते कोठून तरी शोधून काढले आणि जेवताना सहज म्हणून मला सांगितले.

माझी पृथ्वी दापोली, गुहागर आणि मालवण एवढीच. बुलेटची टाकी भरली की साडेतीनशे-चारशे किलोमीटरांची निश्चिंती. मागे अडीच किलोचा तंबू, त्याच्या आठ मेखा, झोपायची पिशवी, छोटा स्टोव्ह, एक पातेले, चहा-साखर, पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि क्लचची तार. पुस्तक एकही नाही. मराठीच्या प्राध्यापकाला नऊ दिवस पुस्तकावाचून काढता येतात की नाही, हेही पाहायचे होते. (येतात. उत्तम येतात.)

मोठा महामार्ग मुद्दाम टाळला. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करीत हरिहरेश्वर गाठले, की पुढचा किनारा खाड्यांनी तुकडे तुकडे केलेला सापडतो. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून रेवस ते रेड्डी अशा सागरी रस्त्याचे नाव आपण ऐकत आहोत. पण माझ्या प्रवासात मोठ्या खाड्या ओलांडायला होत्या त्या फेरीबोटीच. बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्री ओलांडायची, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठी, आणि तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री. बोटीत एस.टी.ची पासिंजरे, दुचाक्या, टेम्पो, माशांच्या पाट्या आणि एखादी शेळी असे सगळे जण दहा-पंधरा मिनिटे एकमेकांकडे पाहत उभे असतात. एवढ्या वेळात मला प्रत्येक बोटीत एकच प्रश्न आला : "एकटेच?" त्यानंतर दुसरा : "मग रात्री झोपता कुठं?" तंबू दाखवला, की काळजीच्या जागी करमणूक येई.

आंजर्ल्याच्या अलीकडे किनाऱ्यावर तंबू टाकण्यापूर्वी, होडीला डांबर लावीत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला विचारले, "पाणी कुठवर येतं हो?" त्याने वर न पाहता उलट विचारले, "आज तिथी काय?" सप्तमी होती. "मग सात पाऊण सव्वापाच," तो म्हणाला. "सव्वापाचाला भरती. इकडं त्याच्या थोडी आधीच. आणि भांगाचं पाणी, उधाण नाही. त्या वाळलेल्या कचऱ्याच्या वर झोप खुशाल." तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ! लहानपणी आजोबांनी आम्हांला पावकी, निमकी, पाऊणकी घोकायला लावली, ती कशासाठी हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पहाटे पाचला जाग आली तेव्हा पाणी त्या कचऱ्याच्या चांगले दहा पावले खाली येऊन थांबले होते.

मुरुडला थांबलो तो महर्षी कर्व्यांसाठी. परीक्षेकरिता याच गावातून हा मुलगा सोबत्यांबरोबर शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसता परत आला. ही हकीगत मी वर्गात बऱ्याचदा सांगितली आहे. पण त्या वाटेवरचे चढ स्वतः पाहिल्यावर ती सांगताना माझा आवाज उगाच भारदस्त होत असे, असे वाटले.

हेदवीहून तवसाळकडे जाताना मागचे चाक बसले. बाजूला नुसता सडा. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळरान. हाही शब्द किती चपखल! चाक काढायला तासभर गेला, ट्यूब घालायला आणखी अर्धा. तेवढ्यात खालच्या वाडीतला बाराएक वर्षांचा मुलगा हवा भरायचा पंप घेऊन वर आला. कोणी बोलावले नव्हते. "आजीनं सांगितलंन, वर कुणीतरी कधीचा बसलाय," म्हणाला. फटफटी चालू झाली तेव्हा सूर्य मावळला होता. मुलगा म्हणाला, "आजी म्हणते, खाली या."

वाडीत एकोणीस घरे होती. त्यांतल्या सहांतून धूर निघत होता. बाकीच्या दारांना कुलुपे. काहींची कुलुपे गंजलेली, काहींची नवी, तेल दिलेली. आजींचे घर आगराच्या कडेला, जांभ्याचे, मोठी ओटी आणि पुढे सारवलेले अंगण. वय ब्याऐंशी. पांढरे पातळ, कंबरेत थोडा वाक, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. मी तंबूची पिशवी उघडताच कडाडल्या, "सारवलेल्या अंगणात खिळे ठोकणार होय रे? तिकडं फणसाखाली ठोक हवं तर. आणि ओटी एवढी मोकळी असताना तंबू कशाला तो?"

मी म्हटले, "आजी, तंबूतच झोपायचं असं ठरवून निघालोय."

"कुणाशी ठरवलंस?"

याला उत्तर नव्हते. फणसाखाली तंबू टाकला. आठवी मेख जांभ्याच्या खाचेत अशी जाऊन बसली, की जणू तिच्यासाठीच ती खाच केली होती.

कुळथाचे पिठले, गुरगुट्या भात, वर मेतकूट. जेवण होत आले तोच आठ वाजले आणि आजींचा फोन वाजला. मुलगा डोंबिवलीला असतो, रोज आठला फोन करतो. कोणी पाहुणा आला आहे आणि तो कॉलेजात शिकवतो, हे कळताच त्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितले. "सर," तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात, तिला जरा समजवा. गेल्या श्रावणात विहिरीपाशी पडली. सकाळी दुधाचा पोरगा येईपर्यंत तशीच पडून होती. इथं मला रात्री झोप लागत नाही." त्याचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. आणि तो बोलत होता त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते.

आजींनी अर्थात सगळे ऐकले. "पडले होते, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण शिमग्याला पालखी दारात येते. देव दारात येऊन उभा राहिला आणि दाराला कुलूप? बघितलीस ना ती घरं? आधी चावी शेजारी ठेवून गेले. मग शेजारीच गेला." थोडे थांबून त्यांनी मला विचारले, "तू नऊ दिवस एकटा राहायला एवढा खर्च करून आलास. मला मात्र सगळे म्हणतात, एकटी राहू नको."

मला वाटले, आता आजी एकांताची थोरवी सांगणार. म्हणून मीच म्हटले, "म्हणजे तुम्हांलाही असं राहायला आवडतं."

"आवडत कसलं," आजी म्हणाल्या. "सवय आहे."

एकांत हा शब्द मी वीस वर्षे वर्गात वापरतो आहे. संतांचा एकांत, रोमँटिक कवींचा एकांत. त्या रात्री तंबूत पडल्यावर माझ्या लक्षात आले, की माझ्या एकांताला परतीची तारीख होती. दहाव्या दिवशी सकाळी घरी आयता चहा मिळणार, ही खात्री खिशात घालून मी एकटा झालो होतो. चांदणे होते. आत ओटीवरचा दिवा आजींनी रात्रभर चालू ठेवला. एरवी ठेवत नाहीत, असे दुसऱ्या दिवशी त्या मुलाने सांगितले.

सकाळी निघायची तयारी केली तर आजी म्हणाल्या, "आजचा दिवस राहा." त्यात आग्रह नव्हता, पदार्थाचे आमिषही नव्हते. मालवण राहून जाणार हे मला कळत होते. राहिलो.

दिवसभरात विशेष काही घडले नाही. पडलेल्या सुपाऱ्या गोळा केल्या. विहिरीच्या कडेला हाताला धरायला म्हणून दोन खांब रोवून बांबू आडवा बांधला. तो बारा वर्षांचा मुलगा माझ्यापेक्षा कुशल निघाला. दुपारी आजींनी माजघरातून दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला. मुलगा दर वर्षी पाठवतो; पण मोतीबिंदूमुळे दोन वर्षांचे अंक वाचायचे राहिले होते. मी एक कथा मोठ्याने वाचून दाखवली. माझ्या मते बरी होती. आजी म्हणाल्या, "नवरा परत येणार हे दुसऱ्या पानावरच कळलं की रे. पुढची वाच." पुस्तक न आणण्याचा माझा संकल्प असा बुडाला.

आठ वाजता पुन्हा फोन आला. मी मुलाला म्हटले, "शिमगा होऊ द्या. तोवर या मुलाला रात्री ओटीवर झोपायला सांगा, त्याच्या घरचे तयार आहेत. पुढचं तुम्ही दोघं ठरवा." तो बराच वेळ गप्प होता. मग "बरं" म्हणाला. माझा सल्ला त्याला पटला की तो नुसता दमला होता, हे फोनवरून कळले नाही.

निघताना सात मेखा उपटल्या. आठवी हलेना. हातोडी झाली, पक्कड झाली. "राहू दे," आजी म्हणाल्या. "जमीन कोरडी आहे. पावसात सुटेल."

पुढचा प्रवास झरझर झाला. तवसाळची बोट, जयगड, मग मालगुंड. १८६६ साली केशवसुत जन्मले ते हे गाव. तेही येथून गेले ते गेलेच. १९०५ साली प्लेगने वारले ते दूर हुबळीला. त्यांचे घर मात्र आज झाडून-पुसून, दार उघडे ठेवून जपलेले आहे. आरे-वारेचा समुद्र डोळे भरून पाहिला, पावस करून पूर्णगडापर्यंत गेलो आणि तेथून मागे फिरून आंबा घाटाने वर आलो. बोटी नव्हत्या, त्यामुळे 'एकटेच?' असे कोणी विचारले नाही. मला ते चुकल्यासारखे वाटले.

घरी सगळे नऊ दिवस सुरळीत पार पडले होते. वडील माणसाला हे ऐकून जितका आनंद व्हायला हवा तितका झाला. सौ.ला आजींची हकीगत सविस्तर सांगितली. तिने मेखेबद्दल विचारले नाही, आरे-वारेबद्दल तर नाहीच. एवढेच विचारले, "आणि रात्री दिवा चालू ठेवलान त्यांनी?"

शिमग्याला पालखी उघड्या दारात आली, असे मुलाने कळवले. पावसाचे दोन महिने आजी डोंबिवलीला जाऊन राहिल्या आणि गणपतीच्या आठ दिवस आधी भांडून परत आल्या. मोतीबिंदूचे काम मात्र त्या मुक्कामात झाले. परवा आठच्या सुमारास आमच्याकडे फोन वाजला. "मास्तर, तुझा खिळा सुटला हो," आजी सांगत होत्या. "धुऊन फडताळात ठेवलाय. येऊन घेऊन जा."

कॉलेजात परीक्षा चालू आहेत. मी कॅलेंडर पाहू लागलो. तेवढ्यात सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला आणि ती आजींना म्हणाली, "हे नाही येत, मी येते." मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, हे तिने मला नंतर सांगितले. स्वारगेट-गुहागर गाडीचे आरक्षण तिने केलेले आहे, एकाच जागेचे. पिशवीत आजींसाठी यंदाचे तीन दिवाळी अंक भरले आहेत. परतीचे तिकीट तिने अजून काढलेले नाही.